विहिरींचं पाणी तपासायचंय, पोळ्याच्या आत हातभार लावा (आवाहन)

राम राम मंडळी. गावातली, मळ्यावरची, अन् नोकरीपायी संभाजीनगर, पुणे, मुंबईला गेलेली सगळी माणसं, हे शेवटपर्यंत वाचा. रात्री साडेअकराला लिहायलोय, उद्या लॅबला होकार कळवायचाय अन् खात्यात निम्मे पैसे पण नाहीत.

आपली पाणी समिती काय आहे ते नव्यानं सांगायची गरज नाही. 2016 ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणायची पाळी आली, त्याच उन्हाळ्यात आपण बारवेतला गाळ हातानं काढला, कुणाची वाट बघितली नाही. गुरुजींनी रिटायर झाल्यावरची पहिली पेन्शन जशीच्या तशी डिझेलला दिली. मेडिकलवाले दादा दीड महिना रोज पोरांचा नाश्ता बघत होते अन् नाव फळ्यावर लिहू नका म्हणायचे. खालच्या वस्तीवरच्या आक्कांनी तर बकरं विकून पैसे आणून दिले, आम्ही नको म्हणलो तर म्हणल्या माझ्या बी म्हशी ह्याच बारवेवर पितात. बचत गटाच्या बायांनी हौदासाठी वर्गणी केली, तालमीच्या पोरांनी दगड वाहिले. ही माणसं नसती तर आज समिती नसती. त्यांचे उपकार आहेत आपल्यावर.

आता कामाचं. मागच्या उन्हाळ्यात वरच्या अंगाच्या गोडाऊनला आग लागली ते आठवतंय ना? आग विझली, चांगलं झालं, विझवणारांनी जीव धोक्यात घातला, त्यांच्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण तो पांढरा फेस वगळीनं आपल्या ओढ्यात उतरला, दोन दिवस तरंगत होता, लेकरं त्यात खेळली, गुरं पाणी प्याली. त्या फेसात काय होतं म्हणून माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला तर उत्तर एका ओळीत, "सदर माहिती उपलब्ध नाही". मग एका लॅबमधून पाणी तपासून घेतलं, रिपोर्ट आला पिण्यायोग्य. खुश झालो होतो. नंतर गावातल्याच केमिस्ट्री शिकलेल्या पोरीनं रिपोर्ट बघितला अन् म्हणाली काका, ह्यात क्षार बघितलेत, फ्लोराइड, नायट्रेट, जंतू बघितलेत, पण जे बघायचं ते बघितलेलंच नाही.

ते म्हणजे पीफास. हजारो रसायनांचं कुटुंब आहे. तव्याचं नॉनस्टिक, रेनकोटवरून पाणी ओघळतं ते कोटिंग, अन् पेट्रोल-तेलाची आग विझवायचा एक प्रकारचा फेस, ह्या सगळ्यांत वापरलं गेलंय. कार्बन अन् फ्लोरिनची जोडी इतकी घट्ट असते की ऊन, पाऊस, माती, जंतू कुणाच्यानं तुटत नाही. पाणी उकळून जात नाही. म्हणून त्याला फॉरएव्हर केमिकल म्हणतात. अमेरिकेत पार्कर्सबर्गजवळ एका शेतकऱ्याची गुरं पटापट मरायला लागली, कुणी ऐकेना, शेवटी त्यानं वकील गाठला अन् 1999 ला पीफास वापरणाऱ्या कंपनीवर केस टाकली, त्यातून पुढं जवळपास 69,000 लोकांनी रक्त तपासायला दिलं तेव्हा किडनीचा कॅन्सर, थायरॉइड असल्या सहा आजारांशी संबंध दिसला. सुरुवात एका गुरं पाळणाऱ्या माणसानं केली, हे ध्यानात ठेवा.

तिकडं आता कायदे झालेत. युरोपात जानेवारी 2026 पासून 20 पीफास मिळून लिटरला 100 नॅनोग्रॅमच्या वर चालत नाही. अमेरिकेनं 2024 ला त्यातल्या दोघांना लिटरला 4 नॅनोग्रॅमची मर्यादा घातली, एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. आपल्याकडं पिण्याच्या पाण्याचं जे आयएस 10500 मानक आहे त्यात पीफासचा आकडाच नाही. न विरघळणाऱ्या, टिकून राहणाऱ्या विषारी रसायनांवरचा जो जागतिक स्टॉकहोम करार आहे त्यात भारत 2006 पासून आहे, 2018 ला सात रसायनांवर बंदीचे नियम पण काढले, पण त्या सातात पीफास नाही. अन् आकडा नाही म्हणून कुणी तपासत नाही, तपासलं नाही म्हणून सरकारपुढं ठेवायला काही नाही, असं ते अडकून पडलंय. एंडोसल्फान हे कीटकनाशक आपणच कापसावर मारायचो, हातानं कालवायचो. ते सुप्रीम कोर्टानं 2011 ला थांबवलं, तोवर केरळात कासरगोडच्या लोकांनी किती वर्षं सोसलं होतं. आपल्याला तेवढं थांबायचं नाही. अन् इटलीत त्रिस्सिनोला ज्या पीफासच्या कारखान्यानं लाखो लोकांचं पाणी नासवलं त्याची मशिनरी आपल्याच कोकणात लोटे परशुरामला आलीय, तेव्हा हे परदेशातलं दुखणं आहे असं कुणी समजू नका.

आपण कुणावर आरोप करत नाही. पाण्यात काही नसलं तर देव पावला, तसं भोंग्यावरून सांगू. निघालं तर रिपोर्ट घेऊन प्रदूषण मंडळाकडं जाणार, मर्यादा ठरवा अन् तपासणी सक्तीची करा म्हणून आमदार-खासदारांना निवेदन देणार, नाही ऐकलं तर पुण्याला हरित लवादात अर्ज. ओढा पुढं गोदावरीला मिळतो, खालच्या गावांचंही पाणी आहे हे.

एक गोष्ट मनात आहे ती बोलतो. मागच्या महिन्यात हेच ग्रुपवर टाकलं होतं, अंगठे चाळीस आले अन् पैसे तिघांचे. मीटिंगला सात जण, त्यातले पाच समितीचेच. सप्त्याला, मिरवणुकीला आपलं गाव मागं हटत नाही, त्याचा अभिमानच आहे मला, पण पाण्याचं नाव काढलं की सगळ्यांना काम निघतं, ह्याचं वाईट वाटतं. लई वाईट वाटतं.

नमुने 7 (बारव, नळयोजनेची विहीर, शाळेचा बोअर, वस्त्यांवरचे तीन बोअर, ओढा), खर्च प्रवास धरून 1,40,000, जमा 52,300, कोटेशन वाचनालयाच्या बोर्डावर लावलंय. रोख खजिनदाराकडं, बाहेरगावच्यांनी वाचनालयाच्या दारावरचा क्यूआर घरच्यांकडून मागवा, पोळ्याच्या आत. नमुने पोळ्यानंतरच्या रविवारी सकाळी सहाला, चार पोरं अन् एक गाडी लागल. येणारांनी रेनकोट घालू नये, नवे कपडे नको, क्रीम-पावडर लावू नये, त्यातलंच पीफास नमुन्यात उतरू शकतं. पाऊस आला तर थांबू. बाटल्या लॅबच्याच वापरायच्या, घरची बिसलरी चालणार नाही. रिपोर्ट 17 सप्टेंबरच्या आत आला तर झेंडावंदनाला सगळ्यांपुढं वाचू, नाहीतर आल्या दिवशी. दहा रुपये दिले तरी पावती घेतल्याशिवाय जाऊ नका.

आपला,
सचिव, पाणी समिती