यादीत नसलेल्या वाडीसाठी

मा. मदत व पुनर्वसन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

महोदय, सविनय नमस्कार.

इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. १९ जुलै २०२३ च्या रात्री डोंगर खाली आला, २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली, आणि मग यादीचा हा खुलासा झाला. तो खराच होता. म्हणून तर हे पत्र.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशभर केलेले दरडींचे नकाशे एकास पन्नास हजार प्रमाणाचे आहेत. नकाशावर एक सेंटीमीटर, तर डोंगरात अर्धा किलोमीटर. पन्नासेक घरांची वाडी त्यात पेन्सिलीच्या ठिपक्याएवढी. तालुक्याच्या नियोजनाला तो नकाशा उत्तम, पण आज रात्री कोणाला झोपेतून उठवायचे, हे तो सांगत नाही.

पाऊसही बदललाय. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिमुसळधार पावसाच्या घटना १९५० पासून तिप्पट झाल्या, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्येच दाखवले. बाष्प येते ते अरबी समुद्रावरून. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पडला आणि त्याच पावसात खाली महाडकडे तळिये गाव दरडीखाली गेले.

आमच्या गावाला पावसाचा एकच सरकारी आकडा पाठ आहे: ६५ मिलिमीटर. महसूल मंडळात तेवढा झाला की अतिवृष्टी, मग पिकांचे पंचनामे. घाटमाथ्यावर तो रोजचाच पाऊस. शिवाय मोजतात मंडळाच्या ठिकाणी, वाडी असते वर. भाताला आकडा आहे, डोंगरउताराचा आकडा गावात कोणालाच ठाऊक नाही.

तो ठरवून द्या, प्रत्येक धोक्याच्या उताराचा वेगळा. वाडीत साधे पर्जन्यमापक ठेवा, आकडा ओलांडला की तहसीलच्या आदेशाची वाट न पाहता माणसे हलवायचा अधिकार पोलीसपाटलाला द्या. २०१४ मध्ये माळीण गाडले गेल्याची खबर बाहेर आणली ती एसटीच्या चालकाने. वरून फोन येईल या भरवशावर आम्ही राहू नये.

आणि गुरे. ती कुठे बांधायची हे न सांगता नुसती स्थलांतराची नोटीस चिकटवली, तर कोणी हलत नाही. याला अडाणीपणा म्हणू नका, दुभती म्हैस सोडून कोण जाईल?

जमिनीला पडलेली भेग, कललेले झाड, अचानक गढूळ झालेला झरा हे बायकांना आधी दिसते. पाण्याला त्याच जातात. त्याची नोंद कोणत्या वहीत करायची, तेही सांगा.

यंदाची मान्सूनपूर्व बैठक एखाद्या वाडीत घ्या. शास्त्रज्ञांना सोबत आणा, आणि गाडी खालीच ठेवा.

आपला,
सह्याद्रीच्या पायथ्याचा एक रहिवासी