विद्युत-चुंबकत्वाची प्रात्यक्षिके पडद्यावर उरकू पाहणाऱ्या मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. उच्च शिक्षणमंत्री,

स.न.वि.वि.

पदवीच्या पहिल्या वर्षाच्या 'विद्युत आणि चुंबकत्व' या विषयाला प्रत्येक महाविद्यालयात पुरेसे साहित्य मिळेल, असे आपण सत्राच्या सुरुवातीला जाहीर केले होते. साहित्य आले नाही, परिपत्रक आले. प्रात्यक्षिकाची वेळ तीन तासांवरून दोन तासांवर आणली आहे आणि निम्मे प्रयोग 'आभासी प्रयोगशाळेत', म्हणजे संगणकाच्या पडद्यावर करायचे आहेत. परिपत्रकात याला आधुनिकीकरण म्हटले आहे. अभिनंदन.

थोडक्यात लिहायचे ठरवले होते. पण परिपत्रक लिहिणाऱ्याने उभ्या आयुष्यात वायरचे टोक सोलले असेल असे वाटत नाही, म्हणून सविस्तर लिहावे लागते आहे.

मीटर ब्रिज घ्या, म्हणजे अज्ञात रेझिस्टन्स मोजायचे साधन. एक मीटर तार, रेझिस्टन्स जोडायला दोन गॅप, गॅल्व्हानोमीटर (करंट दाखवणारा काटा) आणि जॉकी (तारेवर टेकवायचे धातूचे टोक). पडद्यावर जॉकी सरकवली की काटा आज्ञाधारकपणे शून्यावर येतो. 47.3 सेंटिमीटर. सगळ्या वर्गाचे 47.3. खऱ्या ब्रिजवर मात्र पहिल्या जोडणीत बहुधा काटा तारेच्या दोन्ही टोकांना एकाच बाजूला जातो. म्हणजे कुठेतरी सर्किट तुटलेले आहे: रेझिस्टन्स बॉक्सची पितळी खुंटी सैल आहे, वायरच्या टोकावरचे इनॅमल खरवडलेले नाही किंवा स्क्रू नुसता टेकला आहे. हे शोधताना करंट कुठून कुठे जातो याचा विचार विद्यार्थी पहिल्यांदा करतो. सर्किटमधल्या करंट-व्होल्टेजचे किरचॉफचे नियम तिथे शिकले जातात, फळ्यावर ते फक्त लिहिले जातात. पुढे शून्यबिंदू, म्हणजे काटा शून्यावर येतो ती जागा, तारेच्या मधल्या भागात यावा म्हणून बॉक्समधला रेझिस्टन्स बदलायचा. कारण साधे आहे. वाचनात एक मिलिमीटर चुकले, तर मध्यावर उत्तरात 0.4 टक्के चूक येते, 10 सेंटिमीटरपाशी तीच 1.1 टक्के होते. मग दोन्ही रेझिस्टन्सची अदलाबदल करून पुन्हा वाचन घ्यायचे, म्हणजे टोकांच्या पट्ट्यांची चूक बरीचशी कटते. जॉकी घासत न्यायची नाही, उचलून टेकवायची, नाहीतर तारेची जाडी बदलते आणि पुढच्या बॅचचा प्रयोग बिघडतो. यातले एकही वाक्य आपल्या पडद्यावर खरे नाही, कारण तिथली तार झिजत नाही.

कपॅसिटरच्या डिस्चार्जचे तर विचारूच नका. 100 किलो-ओहम आणि 1000 मायक्रोफॅरड घेतले की टाइम कॉन्स्टंट (R गुणिले C, व्होल्टेज किती सावकाश उतरते याचे माप) 100 सेकंद. स्टॉपवॉच पुरते, दर 10 सेकंदांनी व्होल्टेज लिहायचे, ln V (व्होल्टेजचा नैसर्गिक लॉगॅरिदम) विरुद्ध वेळ असा आलेख काढायचा, उतारावरून RC काढायचा. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर छापलेल्या किमतीत ±20 टक्के फरक चालतो, त्यामुळे उत्तर 85 आले काय किंवा 115 आले काय, दोन्ही बरोबर असू शकतात. हे कळायला विद्यार्थ्याला आधी अस्वस्थ व्हावे लागते.

आता 1 मेगाओहम आणि 100 मायक्रोफॅरड घ्या. कागदावर हेही 100 सेकंदच. पण डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण 10 मेगाओहम असतो आणि तो कपॅसिटरला समांतर बसतो. मग परिणामी रेझिस्टन्स 0.909 मेगाओहम आणि टाइम कॉन्स्टंट 91 सेकंद. पहिल्या जोडीत मीटरमुळे एक टक्का फरक पडला होता, इथे नऊ टक्के. मोजणारे उपकरण मोजल्या जाणाऱ्या गोष्टीत ढवळाढवळ करते, हा या अभ्यासक्रमातला सर्वात मोलाचा धडा. सॉफ्टवेअरमधल्या मीटरचा रेझिस्टन्स बहुधा अनंत धरलेला असतो. तिथे हा धडा नाही. सरकारी तपासणी समितीलाही आपण आल्यामुळे महाविद्यालय दोन दिवस वेगळे वागते याचा पत्ता नसतो, त्यामुळे आश्चर्य वाटत नाही.

टँजंट गॅल्व्हानोमीटर, म्हणजे उभ्या वेटोळ्याच्या केंद्रात होकायंत्र, जुनाट म्हणून यादीतून काढला म्हणे. 50 वेढे, 8 सेंटिमीटर त्रिज्या, 0.1 अँपिअर: केंद्रापाशी चुंबकीय क्षेत्र सुमारे 39 मायक्रोटेस्ला. जिथे पृथ्वीच्या क्षेत्राचा क्षितिजसमांतर घटक तेवढाच आहे, तिथे काटा 45 अंशांवर थांबतो. एक तारेचे वेटोळे आणि अख्खी पृथ्वी बरोबरीला येतात, आणि हे विद्यार्थ्याला डोळ्यांनी दिसते! यात जुनाट काय आहे? वेटोळ्याचे प्रतल आधी चुंबकीय उत्तर-दक्षिण रेषेत आणायचे, काट्याची दोन्ही टोके वाचायची, करंट उलटा करून पुन्हा वाचायचे आणि विचलन 30 ते 60 अंशांत ठेवायचे. टेबल लोखंडी असेल किंवा शेजारी मोबाइल ठेवला असेल तर सगळे वाचन बिघडते. बिघडावेच. त्यातूनच कळते की क्षेत्र हे पुस्तकात नसते, खोलीत असते.

आभासी प्रयोगांना आमचा सरसकट विरोध नाही. क्षेत्ररेषा, समविभव पृष्ठे, दोन विद्युतभारांमधले अंतर बदलले की काय होते, हे पडद्यावरच चांगले दिसते, कारण ते एरवी दिसतच नाही. पण हे व्याख्यानाच्या जोडीला हवे. जोडणी करण्याऐवजी ते देणे म्हणजे पोहण्याचा तास वाचनालयात घेणे.

29 ऑगस्ट 1831 रोजी फॅरडेने लोखंडी कड्यावर दोन वेटोळी गुंडाळली. एकात करंट सुरू करताना आणि बंद करताना दुसऱ्याशी जोडलेल्या तारेजवळची चुंबकसूची क्षणभर हलली, मधल्या वेळात स्वस्थ राहिली. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध असा हाताने लागला. सॉफ्टवेअर तेवढेच दाखवते जेवढे ते लिहिणाऱ्याला आधीपासून ठाऊक असते.

आता आपल्या आवडीचे आकडे. बॅच 24 जणांची आणि चालू स्थितीतले संच चार. म्हणजे एका संचाभोवती सहा जण. दोन तास भागिले सहा, प्रत्येकाच्या हाताला वीस मिनिटे. त्यातली दहा जोडणीत जातात, निदान पाच सैल वायर शोधण्यात. उरली पाच. एक जण जोडतो, एक वाचतो, एक लिहितो, बाकीचे तिघे भविष्यातले अभियंते. आठवड्याला एक तास कापला की पंधरा आठवड्यांच्या सत्रात पंधरा तास गेले, म्हणजे जुन्या हिशेबाने पाच पूर्ण प्रयोग. हे गणित मंत्रालयात कुणाला तरी येत असेल.

शिक्षकाचे काय होते हे कुणी विचारत नाही, म्हणून न विचारता सांगतो. अँमीटर सर्किटमध्ये सीरिजमध्ये लावायचा हे सांगूनही कुणीतरी मल्टिमीटर करंटच्या रेंजवर ठेवून थेट बॅटरीला लावतोच. फ्यूज उडतो. व्होल्टेज व्यवस्थित दिसत राहते, त्यामुळे मीटर चांगला आहे असा समज होतो, आणि पुढचा गट इमानदारीने 0.00 मिलिअँपिअर लिहून मोकळा होतो. लाल वायर 10 अँपिअरच्या खाचेतून परत व्होल्टच्या खाचेत आणायला विसरले, तर व्होल्टेज मोजायला जाऊन थेट शॉर्टसर्किट, आणि स्वस्त मीटरमध्ये त्या खाचेला फ्यूजच नसतो. मग मीटर उघडणारे आम्ही, फ्यूज खिशातून आणणारे आम्ही, डाग देणारे आम्ही. प्रयोगशाळा साहाय्यकाचे पद रिक्त आहे. ते 'प्रक्रियेत' असते. एक चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून एक अँपिअर वाहत असताना इलेक्ट्रॉन सरासरी ताशी 26 सेंटिमीटर पुढे सरकतात. आमची फाइल त्या वेगाने जरी सरकली असती तरी एव्हाना दोन टेबले ओलांडून गेली असती. आता वर सर्व 24 जर्नलांत तेच 47.3 तपासायचे, सही करायची आणि प्रात्यक्षिकाचे फोटो अपलोड करायचे. फोटोत सगळे पडद्याकडे बघत असतात. समितीला तो फार आवडतो.

आणि प्रश्न फक्त प्रात्यक्षिकाचा नाही. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात गॉसचा नियम (बंद पृष्ठातून जाणारे विद्युतक्षेत्र आणि आतला विद्युतभार यांचे नाते) येतो, त्याला पृष्ठ-समाकलन हे गणित लागते. ते गणिताच्या वेळापत्रकात सत्र संपता संपता, किंवा पुढच्या वर्षी. दोन विभागांच्या अभ्यासमंडळांनी एका टेबलाशी बसावे एवढेच लागते, पण ते बसत नाहीत. मग विद्यार्थी चिन्हे पाठ करतो. अनंत लांबीच्या तारेचे क्षेत्र घडाघडा काढतो. घनाच्या कोपऱ्यावर विद्युतभार q ठेवला तर घनातून फ्लक्स (आरपार जाणारे विद्युतक्षेत्र) किती, असे विचारले की गप्प. (तसे आठ घन त्या बिंदूभोवती रचायचे, म्हणजे एकाच्या वाट्याला q/8ε₀.) परीक्षेत हे विचारले तर निकाल घसरतो, निकाल घसरला की स्पष्टीकरण मागवले जाते, म्हणून विचारतच नाहीत. साहित्यखरेदीत सर्वात कमी दराची निविदा, परीक्षेत सर्वात कमी विचाराचा प्रश्न, तपासणीत सर्वात जाड फाइल. वर्षानुवर्षे हेच चालले आहे आणि प्रत्येक नवा मंत्री त्याला नवे नाव देतो.

मागण्या चारच आहेत. प्रात्यक्षिकाचे तीन तास परत द्या. एका संचावर दोनच विद्यार्थी राहतील एवढे संच द्या. साहाय्यकाचे पद भरा. आणि सत्राच्या सुरुवातीला व शेवटी संकल्पनांची तीच एक चाचणी घ्या. या विषयासाठी 32 प्रश्नांची अशी चाचणी 2001 पासून प्रसिद्ध आहे, नवी समिती नेमावी लागणार नाही. पडद्याने शिकवले की हाताने, ते त्यातून दिसेल. आमचे चुकले असेल तर तेही दिसेल, आम्ही तयार आहोत. आपण आहात का, ते कळवावे.

आपला,
प्रथम वर्षाला विद्युत-चुंबकत्व शिकवणारा एक प्राध्यापक

ता.क. मल्टिमीटरचे फ्यूज मंजूर झालेच, तर मीटरवर जे रेटिंग छापले आहे तेच मागवावे, करंट आणि व्होल्टेज दोन्ही, आणि लवकर वितळणाऱ्या प्रकारचे. खरेदी विभागाने 'एकच माप सगळीकडे चालेल' म्हणून 10 अँपिअरचे पाठवले, तर ते 200 मिलिअँपिअरच्या जागी बसतील. फक्त फ्यूज शाबूत राहील आणि मीटर जळेल.