सूप घेताना काय पाहावे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बांबूच्या कारागिरीचे कौतुक निघाले की दिवे, फुलदाण्या, पेनस्टँड पुढे येतात. झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, घरोघरी रोज हाती येणारे सूप त्यात क्वचितच असते. खरे तर त्याच्या घडणीत एकही गोष्ट उगाच नाही.

सूप मागे खोल, पुढे पसरट, काठ तीनच बाजूंनी. पाखडताना तूस आणि कोंडा उघड्या बाजूने उडून जातो, भरलेला दाणा मागच्या खोलगटात परत पडतो. गोल घोळले की हलका कचरा वर येऊन मधोमध जमतो, खडे तळाशी बसतात. विणीच्या बारीक उंचवट्यांवर दाणा किंचित अडतो, म्हणून हात सावरतो. प्लास्टिकच्या गुळगुळीत सुपात तो सरसर घसरतो आणि कोंड्याबरोबर धानही अंगणात जाते. धुवायला ते सोपे, एवढाच त्याचा गुण. कोणतेही सूप असो, एका वेळी किलोभराहून जास्त घेऊ नये. ओझे झाले की झटका बसत नाही.

बाजारात सूप उजेडाकडे धरून पाहावे. पट्ट्या बांबूच्या हिरव्या पाठीच्या हव्यात. आतल्या गाभ्याच्या पट्ट्या लवकर तुटतात. मागचे दोन्ही कोपरे अंगठ्याने दाबावेत, कारण पट्ट्या तिथेच दुमडतात आणि तडाही आधी तिथेच जातो. काठाची कांब हलत असेल तर सूप परत ठेवावे.

ओला बांबू वाळताना आकसतो आणि फटी पडतात. म्हणून नवे सूप आठवडाभर सावलीत वाळवून मगच फटी बुजवायला लगद्याने सारवावे. रात्रभर भिजवलेला कागद चार मुठी आणि भिजवलेली मेथी एक मूठ एकत्र वाटून पातळ हात फिरवावा. थर जाड झाला की सूप वाकताना त्याचे पोपडे सुटतात आणि तांदळात येतात. उन्हात वाळवल्यास सूप वाकडे होते. (वर्तमानपत्राचा कागद मात्र नको, संपादक महोदय, शाई धान्याला लागते.)

सुपातून पिवळसर भुकटी गळू लागली तर भुंगा लागला समजावे. बांबूतल्या पिष्टमय अंशावर तो जगतो. तीन वर्षांचा बांबू पावसाळा सरल्यावर तोडलेला असेल तर हा त्रास कमी होतो. चुलीवरच्या धुरात टांगलेले सूपही टिकते.

सुपे-टोपल्या विणणाऱ्या बुरडांना असा जून बांबू वेळेवर मिळणे हीच खरी अडचण आहे. 2017 च्या दुरुस्तीने वनक्षेत्राबाहेरचा बांबू वन कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला. त्यामुळे शेतातला बांबू तोडायला वन खात्याचा परवाना लागत नाही. तेव्हा शेतकऱ्यांनी बांधावर मानवेल जातीचा बांबू लावून गावातल्याच बुरडाला द्यावा. बचतगटांच्या प्रदर्शनांतही दिव्यांशेजारी सूप मांडावे, आणि त्याला भाव विणणाऱ्याच्या दिवसभराच्या मजुरीचा मिळावा.

– एक वाचक, ब्रह्मपुरी तालुका