काकडांचे पैसे न घेणाऱ्या मावशींना

आई गेल्यापासून चार पावसाळे आमच्याकडे शेवळं, ही पावसाळी रानभाजी, आली नव्हती. घसा खाजण्याची भीती, दुसरं काय! (कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात त्यात.) यंदा जूनमध्ये वसईच्या बाजारात जुड्या दिसल्या आणि पाय थबकले.

"काकडं घेतलीस का?" विकणाऱ्या मावशींनी विचारलं. (काकडं म्हणजे शेवळांची खाज मारणारी आंबट रानफळं.) माझा चेहरा बघूनच त्यांना कळलं. मग बाकीची गिऱ्हाइकं ताटकळत ठेवून त्यांनी एक शेवळ सोलून दाखवलं. वरची साल काढायची, आतला पिवळा भाग टाकून द्यायचा, बाकीचं बारीक चिरून तेलात भरपूर परतायचं, मग काकडांचा आंबट रस. मूठभर काकडं पिशवीत टाकली, पैसे मात्र घेईनात. मागे उभ्या असलेल्या ताई घाईत होत्या, तरी म्हणाल्या, "सोडे घाल गं, नाहीतर वाल."

सोडेच (सुकवलेली कोलंबी) घातले. बाबांनी पहिला घास घेतला आणि थांबले. घसा खाजतोय का, याचा अंदाज घेत असावेत. नंतर आणखी एक भाकरी मागितली.

दोघींची नावं विचारायची राहिलीच. मनापासून आभार. आणि मावशी, पुढच्या जूनमध्ये काकडांचे पैसे घ्यावेच लागतील.