फोर्टच्या ग्रंथालयातील काकांना, ठाण्याहून

आदरणीय काका,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात मी माझ्या वडिलांना घेऊन फोर्टमधील मुंबई विद्यापीठाचे जुने ग्रंथालय पाहण्यास आले होते. निघताना आम्ही आपल्याला नमस्कार केला खरा, परंतु तेवढ्याने माझे समाधान झालेले नाही, म्हणून हे पत्र.

माझे वडील ठाण्यातील एका शाळेत इतिहास शिकवत असत. त्यांची पदवी याच विद्यापीठाची. ठाण्याला आगगाडी आली 1853 साली आणि विद्यापीठ स्थापन झाले 1857 साली, त्यामुळे शिकण्यासाठी गाडी पकडणे हा ठाणेकरांचा पिढीजात धर्म आहे, असे ते वर्गात सांगत. स्वतः मात्र नोकरी सांभाळून शिकल्यामुळे या ग्रंथालयात निवांत बसण्याची सवड त्यांना कधी मिळाली नाही. आणि सवड मिळाली तोवर काचबिंदूने दृष्टी नेली होती. आता त्यांना उजेड आणि अंधार एवढाच फरक कळतो.

अशा माणसाला घेऊन बाहेर पडले की काय ऐकावे लागते, ते मी आपल्याला निराळे सांगायला नको. एका प्रसिद्ध वास्तूच्या दारावर मला विचारण्यात आले, "मॅडम, आजोबांना कशाला आणलंत? त्यांना काय दिसणार?" वारसा-सहली काढणाऱ्या एका संस्थेने तर फोनवरच, "बाकीच्यांचा खोळंबा होतो," असे सांगून आम्हाला वगळले. बाबांचे कान शाबूत आहेत, हे या मंडळींच्या गावीही नसते. प्रश्न त्यांच्याविषयी आणि विचारायचा मला. ते शेजारी काठी धरून उभे.

आपण मात्र माझ्याकडे पाहिलेही नाही. थेट बाबांना विचारलेत, "सर, जिना चढून वाचनकक्षात जायचं, की आधी खालीच थोडं बसायचं?" एवढे साधे वाक्य, परंतु त्यांची पाठ ताठ झालेली मी पाहिली. आणि मग जिन्यापाशी आपण त्यांच्या हातातील काठी स्वतःकडे घेतलीत, त्यांचा तळवा उचलून भिंतीवरील कोरीवकामावर ठेवलात आणि म्हणालात, "हा कुर्ल्याचा दगड. इथे पान वळतं, इथे देठ." बाबांची बोटे त्या पानाच्या कडेवरून कितीतरी वेळ फिरत राहिली. मागून दोन विद्यार्थी आले, तेव्हा आपण त्यांना बाजूने जाण्याची खूण केलीत. बाबांचा हात काही तिथून काढला नाहीत. काका, माझ्या लेखी सारे आभार त्या एका कृतीचे आहेत.

इतिहासही आपण बाबांना त्यांच्याच बरोबरीने सांगितलात. कापसाचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी 1864 मध्ये ग्रंथालयासाठी दोन लाख आणि त्यावरील घड्याळाच्या मनोऱ्यासाठी, म्हणजे राजाबाई टॉवरसाठी, आणखी दोन लाख रुपये दिले, पुढल्याच वर्षी अमेरिकेतील यादवी संपून कापसाचा बाजार कोसळला आणि ते स्वतः बुडाले, हे बाबा वर्षानुवर्षे शिकवत आले होते. (देणगी जाहीर करून मागाहून तोंड लपवणारे आपण पुष्कळ पाहतो, इथे दाता कंगाल झाला, तरी 1869 मध्ये काम सुरू होऊन 280 फुटांचा मनोरा 1878 मध्ये पुरा झाला.) इंग्रज वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून या इमारतीचे आराखडे काढले, मुंबईत ते कधीच आले नाहीत आणि मनोरा पुरा होण्याच्या काही महिने आधी वारले, ही माहिती मात्र त्यांना नवी होती. त्यावर आपण हळूच म्हणालात, "म्हणजे सर, ज्यानं काढली त्यानंसुद्धा ही इमारत बघितली नाही." बाबा इतके मोकळे हसले, की वाचनकक्षातल्या माना वर झाल्या.

मग जिचे नाव मनोऱ्याला दिले, त्या राजाबाईंची गोष्ट निघाली. प्रेमचंदांच्या या मातोश्रींना दिसत नसे, आणि जैन रीतीप्रमाणे दिवस मावळण्याआधी जेवायचे, तर वेळ कळावी म्हणून हे टोल, असे सांगतात. "मग हा मनोरा आमच्यासारख्यांसाठीच बांधलाय की," असे बाबा म्हणाले. त्यांच्या तोंडून स्वतःच्या अंधत्वावर विनोद मी प्रथमच ऐकला. 2015 मध्ये दुरुस्तीनंतर खुल्या झालेल्या त्या वास्तूतील रंगीत काचांचा उजेड टेबलावर कुठे पडला आहे, हेही आपण त्यांना त्यांच्याच हाताने दाखवलेत. ऊन लागल्याने तेवढा भाग कोमट झाला होता, असे ते घरी आल्यावर आईला सांगत होते.

2018 पासून हा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे, त्याचा अभिमान सर्वांनाच वाटतो. माझे मत विचाराल, तर वारसा जपणे दगडाइतकेच दारातल्या माणसावर अवलंबून असते. सौजन्याला परिपत्रक लागत नाही आणि निधीही लागत नाही. समोरचा माणूस माणूस आहे एवढे ध्यानात असले की पुरते. आपल्याला ते कोणी शिकवले असेल, असे मला वाटत नाही.

आपण कळव्याला राहता, असे बोलण्याच्या ओघात कळले. नौपाड्यातील आमचे घर तिथून काही लांब नाही. मनोऱ्यावर पश्चिम भारतातील निरनिराळ्या समाजांचे जे 24 पुतळे आहेत, ते इतके उंचावर आहेत की तिथवर हात पोहोचणे शक्य नाही; तेव्हा त्यांतील एकेकाचा पोशाख आणि पागोटे आपल्या तोंडून ऐकायचे बाबांनी ठरवले आहे. कोणत्या रविवारी जमेल, ते कृपया त्यांनाच फोन करून कळवावे. पत्राच्या मागे नंबर लिहिला आहे.

आपली कृतज्ञ,
एका निवृत्त इतिहास-शिक्षकाची मुलगी
नौपाडा, ठाणे