पानिपतावरची ‘घरची पत्रे’ तपासून छापा

संपादक महोदय, स. न. वि. वि.

पानिपतचा स्मृतिदिन आला की शिलेदाराने बायकोला लिहिलेले ‘अखेरचे पत्र’ फिरू लागते. यंदा ते आपल्या पुरवणीतही आले. खाली तारीख ‘१३ जानेवारी १७६१’! तिथेच संशय यायला हवा होता.

मराठी छावणीतला कारकून इंग्रजी तारीख नव्हे, तर चंद्र (हिजरी महिन्याची तारीख, खूण ‘छ’) आणि सुहूर सन (दफ्तरातले अरबी अंकशब्दांचे वर्ष, खूण ‘सु॥’) घाली: छ अमुक जमादिलाखर, सु॥ इहिदे सितैन मया व अलफ. एक, साठ, शंभर आणि हजार, म्हणजे ११६१. हा सन मृगाला बदलतो. म्हणून इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. सरसकट ६०० मिळवले की ऑक्टोबर १७६० मधले, पानिपताआधीच्या कुंजपुऱ्याच्या लढाईचे पत्र पानिपतानंतरचे ठरते. छापील पुस्तकांतही हा घोळ सापडतो. दुसरी मेख चंद्राची. हिजरी महिने दरसाल सुमारे अकरा दिवस मागे सरतात, त्यामुळे काही तारखा एकाच सुहूर सनात दोनदा येतात. ११६१ मध्ये सवाल (शव्वाल) महिन्याच्या अखेरच्या तारखा जून १७६० मध्ये पडतात आणि पुन्हा मे-जून १७६१ मध्ये. तिथे निकाल मजकुरावरूनच लावायचा. एखाद्या दिवसाचा फरक मात्र सोडून द्यावा, कारण हा चंद्र संध्याकाळी बदलतो.

पत्र निघाले तरी पोचले कसे? ऑक्टोबर १७६० अखेर अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि दिल्लीची वाट तुटली. लढाईच्या आदल्या दिवशी छावणीतून सुटलेला कासीद (पत्र नेणारा) महाराष्ट्रात सुखरूप आला असेल, तर ती हकीकत पत्राइतकीच छापण्याजोगी.

शिवाय बायको घरीच होती, हे कशावरून? भाऊसाहेबांच्या पार्वतीबाई, नाना फडणिसांची आई आणि पत्नी छावणीतच होत्या. मागे राहिलेलीला पत्र जाई ते बहुधा कारकुनाच्या हातचे, आणि वाचून दाखवणारा घरातलाच कुणी दीर नाहीतर भटजी. चारचौघांत वाचल्या जाणाऱ्या कागदात ‘प्रिये, तुझ्या आठवणीने’ कोण लिहील? ‘आशीर्वाद उपरी येथील कुशल जाणून स्वकीय लिहीत जाणे’ एवढे झाले की गाडी कर्ज, हुंडी, घोडे यांवर. माया असलीच तर ती ‘मुलास जपणे’सारख्या दोन शब्दांत शोधावी लागते.

पुढच्या वेळी मूळ मोडी कागदाचे छायाचित्र, ओळीस ओळ लिप्यंतर, दफ्तराचे नाव आणि रुमालाचा (कागदांच्या गाठोड्याचा) क्रमांक सोबत छापावा. हे मिळत नसेल, तर मजकुरावर ‘काल्पनिक’ असे ठळक लिहावे.

आपला,
एक मोडी वाचक, सातारा