बाबा, पॅलेस थिएटरची भिंत उभी आहे

कोल्हापूर,
रविवार दुपार

ती. बाबा आणि सौ. आईस,
शि. सा. न. वि. वि.

आई, कांदा-लसूण मसाला कुरिअरला टाकलाय. पिशवी गॅलरीत उघड, नाहीतर ताईची अख्खी बिल्डिंग शिंकत बसेल.

आता बाबांसाठी. फोनवर तुम्ही सगळी चौकशी करता. अंबाबाईला गर्दी आहे का, पंचगंगेचं पाणी किती चढलं, कोपऱ्यावरचा कटिंगवाला अजून आहे का. केशवराव भोसले नाट्यगृहाचं मात्र नाव काढत नाही. मला कळतं ते. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते पेटलं तेव्हा मी तुम्हाला मुद्दाम फोन केला नव्हता. सकाळी तुम्ही टीव्हीवर बघितलंत आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

त्या रात्री मी तिथंच होतो. सगळी पेठ रस्त्यावर आलेली, पण आपल्याकडं एरवी दोन गाड्या घासल्या तरी जेवढा कालवा होतो तेवढाही नव्हता. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ अनवाणीच आले होते. छपरातनं जाळ वर निघाला तसे ते नुसते "उद्या जयंती हाय, उद्या जयंती हाय" एवढंच म्हणत राहिले. गायक नट केशवराव भोसल्यांची जयंती 9 ऑगस्टला, आणि आदल्याच रात्री त्यांच्या नावाचं थिएटर पेटलेलं. हे तुम्हाला फोनवर कोणत्या तोंडानं सांगणार होतो?

परवा ऑफिस सुटल्यावर मुद्दाम गेलो. आतलं लाकूडकाम, रंगमंच, खुर्च्या, छप्पर जळून गेलं ते गेलंच. पण शाहू महाराजांनी 1915 साली उभं केलेलं दगडी काम हललेलं नाही. पुन्हा उभारणीचं काम चाललंय, त्यामुळं आत जाता आलं नाही. शेजारच्या खासबाग कुस्ती मैदानाच्या बाजूनं बघत थांबलो. 1957 ला नाव बदललं तरी तुम्ही अजून आजोबांसारखं 'पॅलेस थिएटर'च म्हणता, म्हणून मीही मनात तेच म्हटलं. मी तान्हा असताना नाटकात रडलो की आई मला घेऊन ज्या दरवाजाबाहेर फेऱ्या मारायची, तो कुठला ते ओळखता आलं नाही. ते तिलाच माहीत.

जयप्रभा स्टुडिओवरनं रोज गाडी जाते. गेल्या आठवड्यात तुमच्या नातीला तिथं थांबवून सांगितलं, तुझे आजोबा इथं सिनेमात मावळा झाले होते. तीन दिवस उन्हात भाला धरून उभे, आणि पडद्यावर दिसला तो नुसता फेटा. त्यातला तुमचा फेटा कुठला, यावर तुमचं आणि आईचं अजून एकमत नाही, हेही सांगितलं. पोरगी हसली. तिला वाटलं मी थापा मारतोय. आता या गावात दर तिसऱ्या घरात एक मावळा निघतो, हे तिला कुठलं ठाऊक!

पुढं व्हीनस कॉर्नरला आलो तर विचारते, "पप्पा, व्हीनस म्हणजे काय?" टॉकीज गेलं, कोपऱ्याला नाव तेवढं राहिलं. मग घरी येईपर्यंत 'प्रभात' फिल्म कंपनीची गोष्ट सांगितली. कंपनी 1929 ला इथं निघाली आणि 1933 ला पुण्याला गेली. तुमच्या जन्माआधीची गोष्ट, पण तुम्ही ती कुणीतरी समोरचं ताट ओढून न्यावं तशी सांगता. मीही तशीच सांगितली.

डिसेंबरात या. महालक्ष्मी एक्सप्रेस कल्याणला पकडायची, सकाळी इथं. दोन खालचे बर्थ मी काढतो. आईच्या गुडघ्यांचं निमित्त चालणार नाही, खासबागेपर्यंत रिक्षा जाते. बाबा, जळलेलं बघवणार नाही म्हणाल, पण मी बघून आलोय. भिंत बघवते.

येताना फेट्यातला तो जुना फोटो आणा. पोरगी अजून विश्वास ठेवत नाही.

तुमचा,
बाळू